गुणगुणतो, पण फिरत नाही

जानेवारीतल्या एका सकाळी बडोद्यातील आमच्या घरी नानखटाईसाठी ओव्हन लावला, तेव्हा त्याच्या माथ्यावरून येणारा वाऱ्याचा नेहमीचा आवाज आला नाही. आली ती फक्त एक मंद, एकसुरी गुणगुण. आत दिवा लागला होता, कॉइल तापू लागली होती, पण ओव्हनला थंड ठेवणारा पंखा जागचा हलत नव्हता. पंधरा-वीस मिनिटांनी, कोणी हात लावलेला नसताना, तो आपण होऊन फिरू लागला. आठवडाभर रोज सकाळी हेच घडले आणि दुपारी ओव्हन लावला तर मात्र एकदाही घडले नाही. बोलावलेल्या मिस्त्रीने कान लावून ऐकले, "काका, कपॅसिटर गयुं छे," असे निदान केले आणि पिशवीतून अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ओट्यावर ठेवला. छताचा पंखा गुणगुणून थांबून राहिला असता तर हे निदान बहुधा बरोबर ठरले असते. ओव्हनचा पत्रा काढल्यावर मात्र तो कपॅसिटर जोडायचा कुठे, हा प्रश्न पडला, कारण या मोटरीत कपॅसिटर नसतोच. गुणगुणणाऱ्या प्रत्येक पंख्याचा दोष कपॅसिटरवर ढकलण्याची ही सवय इतकी सार्वत्रिक आहे, की त्या निमित्ताने या मोटरीविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी पंखा कोणता, ते स्पष्ट केले पाहिजे, कारण ओट्याखाली किंवा भिंतीतल्या कपाटात बसवल्या जाणाऱ्या बहुतेक ओव्हनमध्ये दोन पंखे असतात आणि त्यांची गल्लत होते. एक भट्टीच्या मागच्या भिंतीवर असतो आणि आतली गरम हवा घोळवत ठेवतो. तो बिघडला तर बिस्किटे एका बाजूने करपतात आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहतात. दुसरा माथ्यावर, भट्टी आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या पोकळीत असतो. त्याचा पदार्थाशी काही संबंध नसतो. खोलीतली हवा ओढून, ती बटणांमागच्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवरून फिरवून दाराच्या वरच्या फटीतून बाहेर टाकणे एवढेच त्याचे काम. त्याचा आकार बहुधा लांबट नळकांड्यासारखा असतो; स्प्लिट एसीच्या घरातल्या भागात जो पंखा असतो, त्याचाच हा धाकटा भाऊ.

भट्टीत २५० अंश सेल्सिअस तापमान असताना तिच्यापासून वीतभर अंतरावरचे इलेक्ट्रॉनिक भाग टिकतात ते या हवेमुळे. त्या पट्टीवरचे काही भाग ८५ किंवा १०५ अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेले असतात आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पंखा थांबला आणि पोकळीतली हवा फार तापली, तर तिथली द्विधातूची सुरक्षा-कळ वीज तोडते, ओव्हन मधेच बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होतो. अशा वेळी पुष्कळ घरांत थर्मोस्टॅट बदलला जातो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. याच पंख्याविषयीचा आणखी एक गैरसमज असा, की ओव्हन बंद केल्यावरही तो फिरत राहतो म्हणजे काहीतरी बिघडले आहे. म्हणून वीज वाचवण्यासाठी लोक भिंतीवरचा मोठा स्विचच बंद करतात. पंचवीस वॅटचा पंखा वीस मिनिटे चालला तर एका युनिटच्या शंभराव्या भागाइतकीही वीज लागत नाही, पण तो तसा तोडला की भट्टीत साठलेली सगळी उष्णता वर चढून त्याच नाजूक पट्टीत मुरते.

आता मोटर. तिला शेडेड पोल मोटर म्हणतात. तिचे मराठी नाव मी "सावलीच्या ध्रुवाची मोटर" असे करीन. ज्या बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढून देशी भाषेतून तंत्रशिक्षण देण्याचा प्रयोग केला, तिथे राहून एवढी मुभा घ्यायला हरकत नसावी. तिची रचना विलक्षण साधी आहे. लोखंडी पातळ पत्र्यांची एक चौकट, तिच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे एकच वेटोळे, चौकटीच्या दुसऱ्या बाजूला गोल भोक आणि त्या भोकात अॅल्युमिनियमच्या सळ्या ओतलेला लोखंडी दंडगोल, म्हणजे रोटर. रोटरला वीज पोचवणारी एकही तार नसते. भोकाच्या कडेला, समोरासमोरच्या दोन्ही ध्रुवांच्या एका कोपऱ्यात, जाड तांब्याचे एकेक कडे ठोकून बसवलेले असते. ते कशालाच जोडलेले नसते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते चुकून तिथे राहिले असावे असे वाटते.

सारी गंमत त्या कड्यात आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे वेटोळ्यातून निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र वाढते, कमी होते, उलटते, पुन्हा वाढते. पण ते एकाच रेषेत पुढेमागे होते, फिरत नाही. गणिताच्या भाषेत अशा क्षेत्राकडे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांची बेरीज म्हणून पाहता येते. स्थिर रोटरला दोघेही सारख्याच जोराने आपापल्या बाजूला ओढतात, म्हणून तो हलत नाही. एकदा तो एखाद्या दिशेने फिरू लागला, की त्या दिशेच्या क्षेत्राची पकड वरचढ होते आणि गती टिकते. म्हणजे एकेरी वेटोळ्याची मोटर चालू राहू शकते, पण आपली आपण सुरू होऊ शकत नाही. छताच्या पंख्यात दुसरे वेटोळे आणि कपॅसिटर असतो, तो याच अडचणीवरचा उतारा म्हणून. इथे तेच काम तांब्याचे कडे करते.

फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले, की बदलते चुंबकीय क्षेत्र वाहकात वीज उत्पन्न करते, आणि १८३४ मध्ये लेंझ यांनी त्या विजेची दिशा सांगितली: ज्या बदलामुळे ती निर्माण झाली त्या बदलालाच ती विरोध करते. हे कडे म्हणजे एखाद्या घरातल्या आत्याबाई समजाव्यात. नवे काही येऊ घातले की त्या आधी अडवतात आणि अंगवळणी पडलेले ते जाऊ लागले की त्यालाच धरून बसतात. ध्रुवात क्षेत्र वाढू लागते तेव्हा कड्यात उलटा प्रवाह सुरू होतो आणि तो आपल्या कोपऱ्यात क्षेत्राला शिरू देत नाही, म्हणून क्षेत्र ध्रुवाच्या मोकळ्या भागात दाटते. ते शिखराला पोचते तेव्हा बदलाचा वेग क्षणभर शून्याजवळ येतो, कड्यातला प्रवाहही ओसरतो आणि क्षेत्र ध्रुवभर सारखे पसरते. मग ते उतरू लागते. आता कडे त्याला धरून ठेवते आणि उरलेले क्षेत्र कड्याच्या कोपऱ्यात दाट होते. रोटरच्या बाजूने पाहिले तर मोकळ्या भागाकडून कड्याकडे चुंबकत्वाचा हात फिरल्यासारखे होते, आणि हे सेकंदाला शंभर वेळा घडते. फिरत्या चुंबकत्वामागे चुंबक नसलेला धातूसुद्धा ओढला जातो, याची पहिली चिन्हे पॅरिसमध्ये आरागो यांना १८२४ च्या सुमारास तांब्याच्या चकतीवरच्या प्रयोगांत दिसली होती. रोटर ओढला जातो तो त्याच कारणाने. ही मोटर नेहमी मोकळ्या भागाकडून कड्याकडेच फिरते. वायरी उलट्या जोडल्या तरी तिची दिशा बदलत नाही.

या साधेपणाची किंमत मात्र जबर असते. दिलेल्या विजेचा फारच थोडा हिस्सा फिरण्यात येतो आणि बाकीची उष्णता होते. शिवाय सुरुवातीचे वळणबळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) पूर्ण भारावरच्या बळाच्या निम्म्याच्या आसपास असते. पंख्याला एवढे पुरते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि स्थिर पात्यांना तो जवळजवळ नसतोच. परंतु शाफ्ट, म्हणजे रोटरचा दांडा, ज्या बुशमध्ये, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या नळीसारख्या भागात, फिरतो, तिथल्या चिकट तेलाचा विरोध नेमका उलटा वागतो: तो पहिल्या हालचालीलाच सर्वांत जास्त असतो. जिथे मोटर सर्वांत दुबळी तिथेच तेल सर्वांत हट्टी, आणि गुणगुणून थांबणाऱ्या पंख्याचे मर्म या एका गाठीत आहे.

हा बुश कांस्याची भुकटी दाबून, तापवून बनवलेला असतो. त्याच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा सूक्ष्म छिद्रांचा असतो आणि ती छिद्रे तेलाने भरलेली असतात. मोटर तापली की तेल पाझरून शाफ्टला लागते. थंड झाली की केशाकर्षणाने परत शोषले जाते. अशा रीतीने ते वर्षानुवर्षे पुरते, अट एवढीच की बुश फार तापता कामा नये. आमचा तापत होता. स्वयंपाकघर नव्याने केले तेव्हा एका वास्तुसल्लागाराने अग्नी आग्नेय कोपऱ्यातच हवा असा आग्रह धरला; त्या कोपऱ्यात खांब असल्यामुळे सुताराने ओव्हन मागे हवेला जागा न ठेवता कपाटात घट्ट बसवला. ओव्हनसोबतच्या पुस्तिकेत मागे आणि वर किती फट ठेवावी हे आकड्यांनिशी छापलेले होते, पण दिशेपुढे ते कोणी वाचले नाही. अग्नीला दिशा कळत नाहीत. कोंडलेली हवा मात्र लगेच कळते. चार वर्षांत मूळ तेल आटले आणि पंखा किरकिरू लागला.

पुढची चूक माझी. गणपतीच्या आधी ती किरकिर थांबवण्यासाठी मी बुशवर हाताशी असलेले खोबरेल सोडले. किरकिर थांबली आणि मी विषय विसरलो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. बडोद्यात दिवाळीपर्यंत त्याला गोठायची संधी मिळत नाही, पण जानेवारीच्या सकाळी ओट्यावरची बाटली पांढरी झालेली असते, आणि तेच पांढरे साय आलेले तेल, पीठ व फोडणीच्या वाफेसह, बुशमध्ये बसलेले होते. अडकलेली मोटर गुणगुणत तापत राही (अशा लहान मोटरी अडकल्या तरी लगेच जळू नयेत इतपत त्यांचा प्रवाह मर्यादित राहील, अशा बहुधा बांधलेल्या असतात), बुश कोमट झाला की खोबरेल वितळे आणि पंखा सुटे. दुपारी स्वयंपाकघरच ऊबदार असल्यामुळे दोष दिसत नसे. खात्री करण्यासाठी एका सकाळी प्लग काढून ठेवून केस वाळवण्याच्या ड्रायरने बुश दोन मिनिटे शेकला आणि मग वीज दिली; पंखा पहिल्याच क्षणी फिरला.

तपासणी करायची तर सोळा अँपिअरचा प्लग भिंतीतून काढून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावरच करावी. प्लग नसेल तर त्या मंडळाचा एमसीबी पाडावा आणि मगच पत्रा उघडावा. पंखा बोटाने ढकलून पाहावा: अनेक फेरे घेऊन हळूहळू थांबला तर बुश ठीक आहे, ढकलताच थांबला तर नाही. पंखा गुणगुणतही नसेल, तर मात्र शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध मोजावा. तो अनंत आला तर तार तुटलेली आहे आणि मोटर बदलावी लागते. रोध दिसत असेल, तर वीज देणारी कळ किंवा जोडणी तपासण्याचे काम जाणकारावर सोपवावे.

आम्ही रोटर बाहेर काढण्यापूर्वी चौकटीवर खूण केली, कारण चौकट उलटी बसवली तर कड्यांची बाजू बदलते, पंखा उलटा फिरतो आणि हवा फटीतून बाहेर येत नाही. शाफ्ट आणि बुश स्पिरिटने पुसले, बुशभोवतीचे तेल धरून ठेवणारे नमदे (फेल्टचे तुकडे) बदलले आणि मोटरींसाठी मिळणाऱ्या खनिज तेलाचे चार थेंब त्यांत मुरू दिले. शिवणयंत्राचे पातळ तेल उष्णतेत लवकर उडते आणि गंज काढण्याचा स्प्रे आधीचे तेलही धुऊन नेतो, म्हणून ते दोन्ही टाळले. सुताराला परत बोलावून कपाटाच्या मागच्या फळीत दोन लांब झरोके पाडून घेतले. कोपरा आग्नेयच राहिला. आता बोटाचा एक धक्का दिला तर पंखा सोळा-सतरा फेरे घेतो. बुशमध्ये शाफ्ट किंचित डुगडुगतो, हे मात्र तेलाने जाणार नाही, आणि ते वाढले तर मोटरच बदलावी लागेल.