डिलक्स रिव्हर्ब की एसी१५? दोन्ही ‘लहान ट्यूब अ‍ॅम्प’, पण फाटायची तऱ्हा वेगळी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभा होतो. “मामा, गिटारसाठी दोन अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बघून ठेवलेत. दोन्ही ट्यूबचे, दोन्हीत एकच बारा इंची स्पीकर, दोन्हीत रिव्हर्ब, दोन्हीत ट्रेमोलो. एक बावीस वॉट, दुसरा पंधरा. मग किंमत सोडली तर फरक काय?” एक फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब, दुसरा व्हॉक्सचा एसी१५. (रिव्हर्ब म्हणजे हॉलमध्ये घुमल्यासारखा आवाज, ट्रेमोलो म्हणजे आवाजाची थरथर.)

कागदावर बघितलं तर प्रश्न रास्तच आहे. बँडमध्ये नवीन आलेली पोरं या दोघांना एकाच खणात टाकतात: “लहान ट्यूब अ‍ॅम्प, किनाऱ्यावरच्या शॅकला पुरतो.” पुरतात दोन्ही. पण रविवारी लग्नाच्या रिसेप्शनला कंट्री वाजवणारा आणि शनिवारी हणजुणेच्या बारमध्ये रॉक वाजवणारा यांना एकच पेटी चालेल असं समजलात तर पैसे भरून झाल्यावर ट्यूब पेटते.

आधी वॉटचं भूत उतरवू. बावीस आणि पंधरा यांत कानाला ऐकू येणारा फरक साधारण पावणेदोन डेसिबलचा. वॉट दुप्पट केले तर तीन डेसिबल वाढतात, आणि आवाज ‘दुप्पट’ वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणजे फेंडरचाच ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब हा डिलक्सच्या चौपट मोठा वाजत नाही, जेमतेम दीडपट वाटेल. स्पीकर बदलून याहून जास्त फरक पडतो. एसी१५ मध्ये नेहमी येतो तो सेलेस्टिअनचा ग्रीनबॅक, एक वॉटला एक मीटरवर ९८ डेसिबल देणारा. त्याच कंपनीचा निळा अल्निको स्पीकर १०० डेसिबल देतो, आणि तो घातलेला एसी१५ही मिळतो. झालं, स्पीकर बदलताच डिलक्सच्या जादा सात वॉटांची भरपाई झाली.

तेव्हा किती मोठा वाजतो हे विचारू नका. कुठे फाटतो आणि कसा फाटतो, हे विचारा.

‘आवाज फाटतो’ ही आपल्याकडे तक्रार असते. देवळातल्या भजनाचा कर्णा फाटला की पेटीवाला मागे वळून बघतो. गिटारवाल्याचं उलटं आहे, त्याला फाटलेलाच आवाज हवा असतो, फक्त गोड फाटलेला. ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्हच. तिला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की ती लाटेची टोकं हळूहळू गोल करत दाबते, आणि त्या दाबण्यालाच आपण ओव्हरड्राइव्ह म्हणतो. ती वेळ येईपर्यंतची जी स्वच्छ जागा, तिला हेडरूम म्हणतात.

डिलक्स रिव्हर्ब १९६३ सालचा. पॉवरला दोन ६व्ही६ ट्यूब, आणि एसीचं डीसी करायलासुद्धा ट्यूबच. यात निगेटिव्ह फीडबॅक आहे. म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलचा थोडा अंश उलटा करून मागच्या टप्प्यात परत घालतात. कुठे वाकडं गेलं की तिथल्या तिथे कान धरला जातो. त्यामुळे व्हॉल्यूमच्या नॉबवर दहापैकी तीन-साडेतीनपर्यंत हा अगदी शहाणा असतो, स्वच्छ, खणखणीत, तार न तार वेगळी. चार-पाचच्या पुढे मात्र कान धरणाऱ्याचाच हात सुटतो आणि आवाज जाड होऊन फाटायला लागतो. मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे आत फाटलेला आवाज शेवटी लहान करणारा वेगळा नॉब, नाही. फाटलेला आवाज हवा तर मोठाच वाजवावा लागतो.

शिवाय त्याच्यावर मिडचा, म्हणजे मधल्या पट्टीचा, नॉबच नाही. बेस आणि ट्रेबल, बस्स. मिड सर्किटमध्येच ठरवून टाकलाय, आणि तोही खोलगट. घरी एकटे वाजवाल तेव्हा हा आवाज काचेसारखा सुंदर लागतो. बँडमध्ये मात्र बेस, कीबोर्ड आणि गायक मधल्या पट्टीत गर्दी करतात आणि तुमचा सोलो मागच्या मागे विरतो. ट्यूब स्क्रीमरसारखा मिड फुगवणारा पेडल फेंडरपुढे इतका का चालतो, याचं उत्तर इथेच आहे. खड्डा आहे तिथे माती पडते.

एसी१५ त्याहून जुना, १९५८ सालचा, इंग्लंडमधला, डिक डेनी यांनी आखलेला. दोन ईएल८४ ट्यूब, आणि निगेटिव्ह फीडबॅक नाही. कान धरायला कुणीच नाही म्हटल्यावर हा पहिल्यापासूनच थोडा मोकाट. व्हॉल्यूम वाढवत गेलात तर अमुक ठिकाणी फाटला असं बोट ठेवून सांगता येत नाही. हळूहळू खरखर वाढत जाते, मधली पट्टी पुढे येते, वरच्या पट्टीत घंटेसारखी किणकिण. मोठ्या जागांना हा पुरेना म्हणून १९५९ मध्ये चार ईएल८४चा एसी३० निघाला, आणि ब्रायन मे, टॉम पेटी, यूटूचा एज यांनी ज्याच्यावर नाव काढलं तो हाच थोरला भाऊ.

आजच्या एसी१५ वर मास्टर व्हॉल्यूम आहे. टॉप बूस्ट नावाच्या चॅनलचा व्हॉल्यूम वाढवायचा, मास्टर खाली आणायचा, की शेजाऱ्यांना न उठवता फाटलेला आवाज मिळतो. पण तो फक्त पुढच्या छोट्या ट्यूबांचा असतो. थोडा किरकिरा, माशी गुणगुणल्यासारखा. मास्टर अर्ध्याच्या पुढे नेऊन ईएल८४ कामाला लावल्याशिवाय एसी१५ विकत घेतल्याचं सार्थक होत नाही, हे माझं ठाम मत.

जाता जाता पाटीवरच्या नावांचा एक घोळ. डिलक्सवर लिहिलेलं असतं ‘व्हायब्रेटो’, पण तो असतो ट्रेमोलो. आवाज लहानमोठा होतो, स्वर हलत नाही. स्वर हलवणारा दांडा फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टर गिटारवर आहे आणि त्याला त्यांनी नाव दिलं ट्रेमोलो! तसंच दुकानात ट्यूब मागताना १२एएक्स७ आणि ईसीसी८३ ही एकाच ट्यूबची अमेरिकन आणि युरोपीय नावं, हे लक्षात ठेवा. ईएल८४ला अमेरिकेत ६बीक्यू५ म्हणतात.

आता गाण्याकडे. कंट्री म्हटलं की आमच्या गोव्यात बारपेक्षा लग्नाचा हॉल आधी आठवतो. साष्टीत रिसेप्शनला अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्ह्जच्या वळणाचं एखादं वॉल्ट्झ झाल्याशिवाय म्हातारी मंडळी उठत नाहीत. तिथे टेलिकास्टर गिटारच्या दोन तारा एकदम ओढल्या तर दोन्ही वेगवेगळ्या ऐकू यायला हव्यात. खरखर चालत नाही. इथे डिलक्स, व्हॉल्यूम तीनवर, रिव्हर्ब अडीचवर, डोळे मिटून. एसी१५ वर हेच वाजवायचं तर गिटारचाच व्हॉल्यूम मागे घेत बसावं लागतं, आणि ड्रमर जरा रंगात आला की ती कसरत संपते.

रॉकला माझा कौल एसी१५ला. पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांवरचा रॉकचा ठोका) हाणली की तो मधल्या पट्टीने गर्दीतून वाट काढतो, पेडलशिवाय. डिलक्सवर रॉक होत नाही असं नाही, पण ते पेडलचं रॉक. आणि मेटल वाजवणाऱ्यांनी इथपर्यंत वाचायलाच नको होतं.

ब्लूजमध्ये मी स्वतः दोनदा मत बदललंय. पूर्वी एसी१५ म्हणायचो. आता डिलक्स, पण साडेचार-पाचवर, जिथे तो काठावर बसलेला असतो. हलक्या हाताने वाजवलं तर स्वच्छ, जोरात ओढलं तर भरून येतो. तार ओढली की डीसी करणारी ट्यूब क्षणभर दबते, स्वर आधी आत जातो आणि मग फुलतो. हे शब्दांत नीटसं बसत नाही. दुकानात बोटांना विचारा. अडचण एवढीच की पाचवरचा डिलक्स लहान खोलीत माणसं उठवतो. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम २०००पासून आहे. तेव्हा नऊ वाजता मालक “जरा कमी” म्हणायला लागला की तुमचा सगळा ब्लूज तीनवर येऊन कंट्री होतो. एसी१५चा मास्टर तिथे लाज राखतो.

मोठ्या जागेला दोन्ही कमीच. त्यावर उपाय मोठा अ‍ॅम्प नाही, स्पीकरसमोर एक माइक. बाकी काम पीएचं, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरांचं.

राहिला इथला संसार. गोव्यात निम्मे चांगले अ‍ॅम्प बोटीवरच्या भावाबरोबर येतात. माझाही तसाच आला, मायामीहून. अमेरिकेतला डिलक्स १२० व्होल्टचा. आपल्या भिंतीत २३०. मी तो सुटीच्या आनंदात थेट लावला. नशीब, फ्यूजवर भागलं. तेव्हापासून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर बरोबर फिरतो, किमान ३०० व्हीएचा घ्या, आणि त्याचं ओझं हिशेबात धरा. डिलक्स एकोणीस किलो, एसी१५ बावीस. हरमलच्या वाळूतून नेताना हे आकडे पाठ होतात.

ट्यूब बदलायची वेळ येते तेव्हा दोघांतला सगळ्यात व्यवहारी फरक कळतो. डिलक्समध्ये ६व्ही६ बदलल्या की बायस, म्हणजे ट्यूबमधून किती करंट वाहावा याची जुळणी, तपासून घ्यावा लागतो, त्याला जाणता माणूस हवा. एसी१५मध्ये बायस आपोआप सावरला जातो. जुळलेली ईएल८४ची जोडी लावली की वाजवायला मोकळे. पण त्या तापतातही जास्त आणि थकतातही लवकर, जोडी जवळ ठेवावीच. दोघांच्याही पोटात तीनशे-चारशे व्होल्ट खेळतात, आणि बंद केल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. मागचं झाकण हौस म्हणून उघडू नका. स्पीकर न जोडता चालू तर अजिबात करू नका, ट्रान्सफॉर्मर जातो.

पावसात शॅक मोडले की अ‍ॅम्प चार महिने कोपऱ्यात पडतो. आमच्या खाऱ्या हवेत इनपुटच्या सॉकेटवर हिरवट कीट चढतं, नॉब फिरवला की करकरतो. आठवड्याला अर्धा तास चालू ठेवा, आतली ओल तेवढी सुकते.

भाचा बारमध्ये वाजवतो, लग्नं त्याला नकोत. मी एसी१५ सांगितला, त्याने घेतला. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला फोन. “मामा, नवीनच अ‍ॅम्प बिघडलेला निघाला. टोन कट वाढवला की आवाज बोथट होतो, कमी केला की टोचतो. उलटं जोडलंय यांनी!”

“नावच कट आहे रे,” म्हटलं. “वाढवशील तितकं कापणार.”