विमा दलालाची जबाबदारी (ब्रिटनचा विमा कायदा, २०१५)

विमा दलाल, म्हणजेच ब्रोकर, हा विमा कंपनीचा नव्हे तर ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. त्याच्या हलगर्जीपणामुळे दावा बुडाला, तर ग्राहक भरपाईसाठी त्यालाच कोर्टात खेचतो. ब्रिटनमध्ये १२ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या 'इन्शुरन्स ॲक्ट २०१५'ने व्यापारी विम्याचे नियम बदलले आणि त्याबरोबर ही जोखीमही बदलली.

विमा घेताना माहिती दडवू नये, हे मूळ तत्त्व १७६६ चे. सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरो हा किल्ला शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी, असा विमा तिथल्या गव्हर्नराने लंडनमध्ये उतरवला होता. 'कार्टर विरुद्ध बोएम' खटल्यात न्या. मॅन्सफील्ड यांनी सांगितले की जोखमीची माहिती ग्राहकाकडे असते, म्हणून त्याने काही दडवू नये. निकाल मात्र गव्हर्नराच्या बाजूने लागला होता, हे पुढच्या काळात सोयीस्करपणे विसरले गेले. १९०६ च्या सागरी विमा कायद्याने हा नियम फार कडक केला आणि न्यायालयांनी तो सगळ्याच विम्यांना लावला. एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली, अगदी प्रामाणिकपणे राहिली, तरी कंपनी अख्खी पॉलिसी रद्द करू शकत असे. मग पूर्ण नुकसानीचा बोजा घेऊन ग्राहक दलालाच्या दारात.

२०१५ च्या कायद्याने ही टोकाची शिक्षा बरीच सौम्य केली. चूक जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेली नसेल आणि खरी माहिती कळल्यावर कंपनीने फक्त हप्ता वाढवला असता, तर दावा त्या प्रमाणात कमी होतो. समजा, हप्ता १०,००० पौंड घेतला आणि खरा १५,००० घेतला असता, तर ९ लाखांच्या दाव्यावर ६ लाख मिळतात. उरलेले ३ लाख ग्राहक दलालाकडे मागू शकतो. एकेका दाव्यातली रक्कम घटली, पण भांडणाला नवे कारण मिळाले: अंडररायटरने, म्हणजे जोखीम तपासून हप्ता ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने, तेव्हा नेमके काय केले असते? हे ठरवायला जुने ईमेल, कोटेशन आणि दलालाच्या टिपणांची वही लागते. जो दलाल फोनवर बोलतो आणि लिहून ठेवत नाही, त्याची बाजू इथे लंगडी पडते.

दलालासाठी दुसरा बदल अधिक नाजूक आहे. १९०६ चे कलम १९ दलालावर माहिती देण्याचे स्वतंत्र कर्तव्य टाकत होते. ते आता गेले. पण ग्राहकाला काय ठाऊक होते हे ठरवताना त्याच्यासाठी विमा उतरवण्याच्या कामात असलेल्या दलालाचे ज्ञानही धरले जाते. दुसऱ्या ग्राहकाची गोपनीय माहिती त्याला अपवाद आहे. माहिती स्पष्ट आणि सहज हाती लागेल अशी मांडायची असते. कागदांचा गठ्ठा ढकलून दिला की झाले, असे चालत नाही. कायद्यापेक्षा ग्राहकाला प्रतिकूल अट घालायची तर कंपनीने ती करारापूर्वी त्याच्या लक्षात आणून दिली पाहिजे. दलालाला ती अट प्रत्यक्ष माहीत असेल, तर मात्र 'आम्हाला सांगितले नाही' ही तक्रार ग्राहकाला करता येत नाही. दलालाने ऐकले आणि पुढे कळवले नाही, तर दोष त्याच्याकडेच येतो.

समजावून सांगण्याचे कर्तव्य या कायद्याच्या आधीपासूनचे आहे. जुने फ्रिज मोडीत काढणाऱ्या एका कारखान्यात प्लाझ्मा गनने, म्हणजे धातू कापणाऱ्या अतितप्त हत्याराने, काम चाले. हे विमा कंपनीला सांगितलेले नव्हते, म्हणून आग लागल्यावर कंपनीने पॉलिसी रद्द केली. 'जोन्स विरुद्ध एन्व्हायरनकॉम' (२०१०) या खटल्यात न्यायालयाने म्हटले की छापील सूचना पुरत नाही. काय सांगायचे ते ग्राहकाला कळले आहे, याची दलालाने खात्री करायला हवी. दलाल चुकला, असे ठरले. तरीही ग्राहक हरला, कारण खरे सांगूनही विमा मिळाला नसता.

भारताचा सागरी विमा कायदा (१९६३) १९०६ च्या साच्यातलाच असून त्याचे कलम २१ अजूनही प्रतिनिधीवर माहिती देण्याचे कर्तव्य टाकते. मुंबईहून लंडनला दिलेल्या पुनर्विम्यात (विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीसाठी घेतलेल्या विम्यात) इंग्लिश कायद्याची अट असेल, तर दलालाला दोन्ही नियमांचे भान ठेवावे लागते.