‘अल्बिनो’ कॉकटेल : एक नाव, दोन जनुके

कॉकटेल या तुरेवाल्या छोट्या पोपटाच्या जोडीला कोणत्या रंगाची पिल्ले होतील, हे आता अंड्यांची पेटी लावण्याआधी कागदावर मांडता येते. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून युरोपात गेलेला हा पक्षी मुळात राखाडी, गालावर नारिंगी ठिपका. पुढची शंभरेक वर्षे त्याच्या पोटी राखाडीच पिल्ले येत होती, त्यामुळे अंदाज बांधायची वेळच आली नाही. मग नवे रंगप्रकार येऊ लागले. १९५०च्या आसपास कॅलिफोर्नियात अंगावर फिकट चट्टे असलेला पाईड निघाला. १९५८ साली फ्लोरिडात पिवळट-पांढरा ल्युटिनो आला, साठच्या दशकात जर्मनीत पर्ल, बेल्जियममध्ये सिनॅमन आणि नेदरलँड्समध्ये पांढऱ्या चेहऱ्याचा व्हाइट फेस. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाने पक्ष्यांची निर्यात थांबवली आणि नवे रक्त येणे बंद झाले. ल्युटिनोच्या तुऱ्यामागे दिसणारे टक्कल पुढे नात्यातल्या जोड्यांमुळे घट्ट बसले.

खरा घोळ झाला तो व्हाइट फेस आणि ल्युटिनो एकाच पक्ष्यात आले तेव्हा. व्हाइट फेसमध्ये पिवळा-नारिंगी रंग तयार होत नाही, ल्युटिनोमध्ये काळा-राखाडी. दोन्ही गेले की उरतो पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा पक्षी. त्याला ‘अल्बिनो’ म्हणायचे ठरले. बजरीगर या दुसऱ्या छोट्या पोपटात निळ्या रंगावर आलेल्या ल्युटिनोला हेच नाव आधीपासून होते, तेच इकडे आणले. या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा एवढाच की घेणाऱ्याला नाव ऐकताच पक्षी डोळ्यांसमोर येतो. ते खरे आहे, पण जोडी लावणाऱ्याला हे नाव फसवते. अल्बिनो म्हणजे एकच दबका गुण, दोन स्प्लिट (गुण अंगात असून न दाखवणारे पक्षी) आणले की चारात एक पिल्लू पांढरे, असा हिशेब तो धरतो.

तसे होत नाही. व्हाइट फेस आई-बाप दोघांकडून यावा लागतो. ल्युटिनो मात्र नर-मादी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर बसलेला. नराकडे झेड दोन, मादीकडे एकच. म्हणून ल्युटिनो नर आणि राखाडी व्हाइट फेस मादी लावली, तर सगळे नर राखाडी आणि दोन्हींचे स्प्लिट, सगळ्या माद्या ल्युटिनो आणि व्हाइट फेसच्या स्प्लिट. अशा दोन वेगवेगळ्या, नात्यात नसलेल्या जोड्यांच्या पिल्लांतून एकीकडचा नर आणि दुसरीकडची मादी घेतली, तर निम्मी पिल्ले ल्युटिनो, पाव व्हाइट फेस. दोन्ही मिळून पांढरे पिल्लू आठात एक. एका वेळच्या चार-पाच अंड्यांमध्ये ते निघेलच असे नाही.

आपल्याकडे पिंजऱ्यावर ‘अल्बिनो स्प्लिट, फिमेल’ अशी चिठ्ठी सर्रास लावतात, आणि आत बसलेली असते राखाडी मादी. तिच्यात व्हाइट फेस लपू शकतो, ल्युटिनो लपूच शकत नाही. असता तर तो अंगावर दिसला असता. निम्म्याच गुणाला पूर्ण किंमत मोजून नवखा माणूस दोन-तीन हंगाम पेटीत डोकावत राहतो. ‘व्हाइट फेस ल्युटिनो’ हे नाव लांबलचक असले तरी चिठ्ठीवर तेच हवे, कारण काय लपले आहे आणि कुणात, हे त्यातूनच विचारता येते.

अलीकडे पिसावरून डीएनए चाचणी करून नर-मादी कळते, त्यामुळे हिशेबातली एक मोठी चूक टळली. बाकी पडताळा पेटीतच मिळतो. साध्या पिल्लाच्या अंगावरची पहिली मऊ लव पिवळी असते, व्हाइट फेसची पांढरी. डोळे उघडण्याआधीही मिटल्या पापणीखाली बुबुळ काळपट आहे की लालसर, ते दिसते. लव पांढरी आणि डोळा लाल असेल, तर ते आठातले एक.