नायट्रिक ऑक्साइड आणि आरोग्य

नायट्रिक ऑक्साइड हा नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा प्रत्येकी एक अणू असलेला वायू. शरीरात तो रक्तवाहिन्या सैल ठेवतो आणि रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत करतो. पुण्याच्या रस्त्यांवर वाहनांच्या धुरातूनही हाच वायू बाहेर पडतो व हवेत त्याचा अपायकारक नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. शरीर स्वतःपुरता, अत्यल्प प्रमाणात जो तयार करते त्याच्याशी या धुराची गल्लत करू नये.

रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तो बनवतात. तो जेमतेम काही सेकंद टिकतो. तेवढ्यात शेजारच्या स्नायुपेशींत शिरतो, स्नायू सैलावतात आणि वाहिनी रुंदावते. याविषयीच्या शोधांसाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत कळ आल्यावर जिभेखाली धरायची सॉर्बिट्रेटची गोळी याच मार्गाने काम करते. वाढते वय, धूम्रपान व मधुमेह यांमुळे अस्तराची ही क्षमता घटते.

दुसरा मार्ग ताटातून जातो. पालक, माठ, चाकवत, मुळा, बीट यांत नायट्रेट भरपूर असते. ते रक्तातून लाळेत उतरते, जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे पोटात व ऊतींत त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनते. म्हणूनच जंतुनाशक माउथवॉशने रोज गुळण्या करण्याची सवय बरी नव्हे. दातांच्या डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे दिवसच तो वापरावा. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते. पालक उकडून पाणी ओतून दिले, तर त्याचा बराचसा भाग मोरीत जातो. पुणेरी घरांतली चाकवताची ताकातली पातळ भाजी किंवा डाळ-दाणे घातलेली पालकाची पातळ भाजी या बाबतीत फार शहाणी आहे: शिजवलेले पाणी भाजीतच राहते. बिटाची कच्ची कोशिंबीरही उत्तम.

चालताना रक्ताचा वेग वाढतो व त्याच्या घर्षणाने अस्तर अधिक वायू तयार करते. पर्वतीच्या पायऱ्या, तळजाई किंवा हनुमान टेकडी नेमाने चढणाऱ्यांना हा लाभ विनामूल्य मिळतो. नाकाशेजारच्या पोकळ्यांतही हा वायू बनतो. गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारे त्याचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या सुमारे पंधरा पट होते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये मोजले. भ्रामरी प्राणायामात नेमके हेच गुणगुणणे असते. मात्र तेवढ्याने रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नयेत.

मूत्रपिंडाचा विकार, मुतखडा किंवा रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असल्यास पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. सॉर्बिट्रेटसोबत सिल्डेनाफिल हे लैंगिक दुर्बलतेवरचे औषध घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. व्यायामशाळांत खपणाऱ्या आर्जिनिनच्या पुड्यांबाबतही सावध राहावे: हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आर्जिनिन देणारी एक अमेरिकी चाचणी, ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाल्याने, थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले.