घोळक्याचं गणित

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळात स्वतःची मोहीम रचणाऱ्या गेम मास्टरपुढे (म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणाऱ्यापुढे) पहिला प्रश्न येतो तो राक्षस किती सोडायचे हा. एका गोब्लिनचे, म्हणजे छोट्या राक्षसाचे, ५० एक्सपी (त्याला हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण), म्हणजे चार गोब्लिन सोडले की धोका चौपट? तसं नाही. समजा, खेळाडू दर फेरीत एक गोब्लिन आडवा करतात आणि आधी वार करायची पाळी गोब्लिनांची आहे. एकट्या गोब्लिनला एकच वार मिळतो. चौघांना पहिल्या फेरीत चार, मग तीन, दोन, एक असे दहा. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ च्या पुस्तकात खऱ्या युद्धाचंही असंच गणित मांडलं होतं: नेम धरून लढणाऱ्या सैन्याचं बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत यासाठी गुणक होता. शत्रू तीन ते सहा असतील तर एक्सपीची बेरीज दुप्पट धरून धोका मोजायचा. चार गोब्लिनांचे २०० झाले ४००, आणि पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी 'प्राणघातक' लढतीची सीमा नेमकी तीच. पण बक्षीस मात्र २००च, माणशी ५०. दुसऱ्या लेव्हलला ३०० लागतात, म्हणजे अशा सहा लढाया. हौशी गेम मास्टर इथेच घोळ घालतात. ते फुगवलेला आकडाच वाटून टाकतात, पात्रं तीन लढायांत वर चढतात आणि पुढचे राक्षस मिळमिळीत वाटू लागतात. (२०२४ च्या नियमांतून हा गुणक गेला. हिशेब सोपा झाला खरा, पण घोळक्यासाठी मला जुना तक्ताच बरा वाटतो.)

स्वतः घडवलेल्या राक्षसाचं चॅलेंज रेटिंग, म्हणजे तो किती अवघड हे सांगणारा आकडा, याहून फसवं. २०१४ च्या पद्धतीत हल्ल्याचं आणि बचावाचं रेटिंग वेगवेगळं काढून त्यांची सरासरी घेतात, आणि सरासरीत टोकं लपतात. नियमपुस्तकातल्या तयार ओगरचंच, म्हणजे एका धिप्पाड राक्षसाचंच बघा. तो ४५० एक्सपीचा, म्हणजे पहिल्या लेव्हलच्या पाच पात्रांपुढे कागदावर 'प्राणघातक'च्या खालीच. पण त्याचा एक घाव सरासरी १३चा आणि जादूगाराचे हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) जेमतेम ६ ते ८. घाव बसला की जादूगार आडवा! म्हणून रेटिंगच्या आधी एवढंच तपासावं: सगळ्यात नाजूक पात्र किती घावांत पडेल? उत्तर 'एका' असं आलं, तर घाव हलका करून राक्षसाचे हिट पॉइंट वाढवावेत. रेटिंग फारसं हलत नाही, आणि लढायचं की पळायचं हे ठरवायला खेळाडूंना एक फेरी मिळते.