यथादर्शन पेटी

यथादर्शन पेटी : पेटीच्या आतल्या फळ्यांवर घर आणि घरातल्या वस्तू रंगवून खऱ्याखुऱ्या खोल्यांचा भास निर्माण करणारा चित्रप्रकार. सतराव्या शतकाच्या मध्यास तो नेदरलँड्समध्ये बहरला. इंग्रज रोजनिशीकार जॉन ईव्हलिन याने १६५६ साली अशाच एका त्रिकोणी पेटीत हार्लेमचे मोठे चर्च पाहिल्याची नोंद केली आहे. मात्र या प्रकाराची खरी कमाल साध्या घरगुती दृश्यात दिसते.

त्याचा सर्वांत देखणा नमुना लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रेम्ब्रांटचा शिष्य सामुएल व्हान होखस्ट्रातन (१६२७–७८) याने तो सुमारे १६५५ ते १६६० या काळात केला. पेटी जेमतेम ८८ सेंमी. रुंद आणि ५८ सेंमी. उंच. आतल्या पाच बाजू रंगवलेल्या, सहावी उजेडासाठी मोकळी. समोरासमोरच्या दोन बाजूंना एकेक छिद्र आहे. त्याला डोळा लावला की चौकटीच्या फरशीचे दालन दिसते, उघड्या दारांपलीकडे आणखी खोल्या, खुर्च्या आणि आपल्याकडे पाहणारा एक कुत्रा.

आता तीच पेटी मोकळ्या बाजूने पाहावी. खुर्ची सांध्यावर मोडलेली दिसते : तिचा काही भाग तळावर, उरलेला भिंतीवर. कुत्र्याचेही तसेच, अंग वेडेवाकडे ताणलेले. छिद्रातून हे तुकडे अचूक जुळतात, कारण तिथे नजर एकाच बिंदूवर बांधली जाते. दोन्ही डोळ्यांनी पाहताना फळीचा सपाटपणा लगेच कळतो. एका स्थिर डोळ्याला ती खूण मिळत नाही. त्यात छिद्रे दोन असल्याने चित्रकाराला एकाच पेटीत दोन दृष्टिबिंदू सांभाळावे लागले. रंगकामाइतकेच हे गणिताचे कसब आहे आणि एरवी दुय्यम मानल्या जाणाऱ्या खुर्चीसारख्या वस्तूवरच त्याची सगळी भिस्त आहे.

पेटीची बाहेरची बाजूही रंगवलेली आहे. कलावंत काम कशासाठी करतो, तर कलेच्या प्रेमापोटी, धनासाठी आणि कीर्तीसाठी, अशी तीन रूपकचित्रे तिथे आहेत. वरच्या फळीवर व्हीनस व क्यूपिड लांबट ताणून काढलेले असून ते तिरप्या नजरेनेच प्रमाणात दिसतात. अशा मोजक्याच पेट्या आज उरल्या आहेत. होखस्ट्रातनचीच आणखी एक पेटी अमेरिकेत डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे.