विमान बांधायचंय की उडवायचंय?

होमबिल्ट विमानाचं, म्हणजे स्वतः बांधायच्या विमानाचं, किट (सुट्या भागांचा संच) घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात बांधायची आणि उडवायची अशा दोन हौशी एकत्र कालवलेल्या असतात. बाहेरून त्या एकच वाटतात, पण त्यांत वेळ अगदी वेगळा जातो.

बांधणाऱ्याचं काम जवळून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पाडायचं, कडेचे कंगोरे घासून काढायचे, क्लेको (स्प्रिंगच्या पिना) लावून पत्रे तात्पुरते जोडायचे. मग पत्रे कायमचे जोडायला रिव्हेट, म्हणजे धातूची छोटी खिळी, ठोकायची: एकाने रिव्हेट गन धरायची, दुसऱ्याने मागून बकिंग बार (जड धातूचा ठोकळा) दाबून ठेवायचा. ठोकून चपटं झालेलं टोक रिव्हेटच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंद आणि निम्मं उंच भरलं पाहिजे. वाकडं बसलं की ड्रिलने काढा आणि पुन्हा ठोका. अशी हजारो रिव्हेट्स! आरव्ही-७ सारख्या गाजलेल्या किटलाही दीड-दोन हजार तास सहज लागतात. नोकरी सांभाळून म्हणजे कित्येक वर्षं. हे काम ज्याला मनापासून आवडतं, त्याला मी कधीच अडवणार नाही. अमेरिकेतला नियमही हेच धरून चालतो: विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं असावं लागतं. वर, बांधणाऱ्याला त्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवानाही मिळू शकतो.

‘बांधलं तर स्वस्त पडेल’ हे कारण मात्र मला पटत नाही. इंजिन, प्रोपेलर, एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं), रंग हे बहुधा किटच्या किमतीत नसतं. नुसतं उडायचं असेल तर सेस्ना १५० सारखं जुनं, दोन आसनी छोटं विमान किंवा क्लबचं विमान बरं.

खरी काळजी वेगळीच आहे. बांधता बांधता उडणं सुटतं, हात बसलेला राहत नाही, आणि असा वैमानिक एक दिवस कधीच न उडालेल्या विमानात बसतो. होमबिल्ट विमानांच्या अपघातांमध्ये सुरुवातीच्या उड्डाणांचा वाटा मोठा असल्याचं अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१२च्या अभ्यासात दाखवून दिलं. म्हणूनच चाचणीचे पहिले २५ किंवा ४० तास वेगळे ठेवलेले असतात, आणि एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) ठरावीक अटींवर त्यात दुसरा पात्र वैमानिक सोबत न्यायची मुभा देते. ती जरूर घ्या.

अजून ठरत नसेल तर आधी फक्त शेपटीचं किट मागवा. बऱ्याच कंपन्या ते सुटं विकतात. आणि पुढच्या किटचे पैसे भरण्याआधी दर महिन्याच्या उड्डाणाचे पैसे बाजूला काढा. दोन्ही झेपत नसेल, तर किट थांबू द्या.